चांदी काळी करणारी बाई

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका गाळ्यात माझ्या उजव्या हाताची कीर्ती अशी होती की, मी नुसतं बोट दाखवलं तरी चांदी काळी पडते. वाढवून सांगायची मला सवय आहे, हे घरात, बसमध्ये आणि भिशीच्या बायकांत सगळ्यांना माहीत आहे. पण हे वाक्य माझं नाही. ते आमच्या सुपरवायझरचं आहे आणि त्या माणसाने जन्मात कधी गंमत केलेली नाही. तो वाढदिवसाच्या केकसमोरसुद्धा अशा चेहऱ्याने उभा राहतो, की मेणबत्त्या आपोआप विझतात.

गाळा म्हणजे आमचं प्लेटिंगचं युनिट. तांब्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या येतात, त्यांना चांदीचा मुलामा द्यायचा आणि पुढे त्या विजेच्या मोठ्या स्विचांमध्ये बसतात. मुलामा इतका पातळ की, जोरात शिंकलं तर उडून जाईल असं मला पहिल्या वर्षी वाटायचं, म्हणून मी नाकाला पदर लावून काम करायची. सहा वर्षं मी पट्ट्या तारेला अडकवून टाकीवर द्यायचं काम केलं. टाकीवर एक म्हातारे कारागीर, सगळे त्यांना मामा म्हणतात. सहा वर्षांनी मला बढती मिळाली. पॅकिंगच्या खोलीतलं चार नंबरचं टेबल. दिव्याखाली पट्टी दोन्ही बाजूंनी बघायची, कागदात गुंडाळायची, खोक्यात ठेवायची. बसायला खुर्ची. सहा वर्षं उभं राहिलेल्या बाईला खुर्ची मिळणं म्हणजे काय, हे बसलेल्या माणसांना कळणार नाही.

खुर्ची पंधरा दिवस टिकली.

पावसाळ्याचे दिवस होते. ज्या मोठ्या कंपनीला माल जायचा, तिथून दोन खोकी परत आली. उघडली तर आत पट्ट्या नाहीत, तव्याचे तळ. सुपरवायझरने फोटो काढून युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'टेबल ४.' चार नंबरच्या टेबलावर मी एकटी बसते. तळाशी तीन अंगठे आले, त्यातला एक माझ्याच शेजारणीचा.

शेजारीण म्हणजे तीन नंबरच्या टेबलावरची. वयाने माझ्याहून मोठी, मनाने चांगली, तोंडाने आकाशवाणी. तीच पहिल्यांदा टेबलाखाली वाकली.

"ताई, तुमची जोडवीपण काळी आहेत की."

"आपण सगळ्या अॅसिडच्या ओलीत उभ्या असतो. तुमची कशी आहेत?"

"माझी स्टीलची आहेत," ती म्हणाली, आणि पाय साडीत ओढून घेतले.

आता सुपरवायझरच्या बाजूनेही बोललं पाहिजे. धातूच्या कामात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते की, एकेकाचा घाम वाईट असतो. कुणी लेथवर नुसता हात ठेवला तर दुसऱ्या दिवशी पंजाचा गंज उमटतो. म्हणजे त्याने काही भुताखेताचं काढलं नव्हतं. नवीन बाई आली, माल काळा पडला, बाईची जोडवी काळी. तीन गोष्टी एका दोरीत ओवल्या की माळ होतेच. त्याने मला पांढरे सुती हातमोजे दिले. मला एकटीलाच. ते घालून मी दिव्याखाली पट्टी उचलायला लागले की, त्रिमूर्ती चौकातला ट्रॅफिक पोलीस वाटायची. मग बोर्डावर कागद लागला: 'टेबल नं. ४, मालाला उघडा हात लावण्यास सक्त मनाई.'

घरी सासूबाईंनी निकाल लगेच दिला. त्या मूळच्या सिन्नरकडच्या, त्यांना कोर्ट लागत नाही.

"अंगात उष्णता लय हाय तुझ्या. म्या पहिल्या दिवसापासून म्हणत नव्हते?"

"अहो आई, एवढी उष्णता असती तर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळसा कशाला लागला असता? मला नेऊन बसवलं असतं."

"बसव म्हणावं. पगार तरी बरा मिळंल."

त्यांनी मला सब्जा भिजवून पाजायला सुरुवात केली. सकाळी सब्जा, संध्याकाळी सब्जा. माझ्या पोटात रोपवाटिका झाली. नवऱ्याने चहाचा कप माझ्या हातून घेताना शांतपणे सांगितलं, "मी चांदीचा नाही म्हणून वाचलो." त्या माणसाला मी पुढचे दोन दिवस फोडणीशिवाय वरण दिलं.

हातमोजे घालूनही माल काळाच पडत राहिला. शहाणा माणूस इथे थांबून विचार करेल. आमच्याकडे असं ठरलं की, माझा घाम हातमोज्यातून पार होतो. म्हणजे मी बाई नव्हतेच, झिरपणारं धरण होते. खुर्ची गेली, हातमोजे राहिले आणि हातात फरशी पुसायचा पोछा आला. त्यानंतरही माल काळा पडला, तेव्हा मी पुसलेल्या फरशीची वाफ लागते असं ठरलं.

हे सगळं मी हसून सांगते, कारण त्या वेळी हसले नव्हते. दोन महिन्यांनी आमचे शेठ चार बायकांना कायम करणार होते, आणि ज्येष्ठतेने माझं नाव पहिलं होतं. त्यात मोठ्या कंपनीचा क्वालिटीचा साहेब यायचा होता. सुपरवायझरने त्याला मेलवर अंदाज कळवलाच होता, आता सहीनिशी लिहून देणार होता की, कारण सापडलं आहे, संबंधित महिलेच्या हाताचा घाम, आणि तिला कामावरून बाजूला केलं आहे. एकदा असा कागद गेला की मी आमच्याच नाही, कुठल्याच युनिटात धातूला हात लावू शकले नसते. अंबडमध्ये बातमीला रस्ता लागत नाही, ती एका गाळ्याच्या पत्र्यावरून दुसऱ्याच्या पत्र्यावर मांजरासारखी जाते. बेचाळिसाव्या वर्षी मला दुसरं कुठलंही काम येत नव्हतं. बडबड येते, पण तिला कायम करत नाहीत.

तरीही मी गप्प बसले असते. खरंच. माझ्यासारखी बाई गप्प बसली असती, म्हणजे विचार करा किती घाबरले होते.

पण एका दुपारी डबा खाताना शेजारणीने पिशवीतून चांदीचे इवलेसे वाळे काढले. तिच्या नातीचं बारसं होतं. वाळे हातोहात फिरले. प्रत्येकीने खुळखुळवून बघितले, गोड म्हणाली, पुढे दिले. माझ्या डावीकडच्या बाईपर्यंत आले आणि मग माझ्यावरून उजवीकडच्या बाईकडे गेले. वाटेत डबकं लागावं आणि माणसाने टांग टाकून जावं, तसे.

"तुम्ही लांबूनच बघा हं ताई," शेजारीण हसत म्हणाली. "बारशाचे आहेत."

"बरं," मी म्हटलं. एवढंच. एका शब्दात माझं बोलणं संपल्याची युनिटमधली ती पहिली वेळ होती, सगळ्या घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या.

जेवण झाल्यावर मी टाकीवर गेले.

"मामा, ट्रायलच्या दोन पट्ट्या द्या. ताज्या मुलाम्याच्या."

"कशाला गं?"

"माझ्या हाताचा पंचनामा करायचाय."

मामांनी भंगारात जायच्या दोन पट्ट्या चिमट्याने कागदात ठेवून दिल्या. म्हणाले, "पांढरी राहिली तर मला दाखव. काळी झाली तर कुणालाच दाखवू नको."

घरी मी आमच्या इमारतीचे चार मजले दोनदा चढले. चांगला, जाहीर करण्यासारखा घाम आला. मग दोन्ही पट्ट्या दोन्ही हातांनी कणकेसारख्या मळल्या. आता ठेवायच्या कुठे? सासूबाईंना सापडल्या तर सब्ज्याबरोबर कोरफडही आली असती. एक पट्टी कपाटात, रेशमी साडीच्या घडीत ठेवली. दुसरी कांद्याच्या टोपलीच्या तळाशी. आमच्याकडे मोलाची वस्तू तिथेच ठेवतात. गावाला जाताना माझं मंगळसूत्र तिथे असतं. चोर नाशिक जिल्ह्यातला असेल तर तो कांद्याला हात लावणार नाही, त्याच्या घरी स्वतःच्या दोन गोण्या असतात.

आठ दिवस मी टोपलीतले कांदे वरवरचे काढून स्वयंपाक केला. नवव्या दिवशी तळाशी हात घातला.

पट्टी काळी. नुसती काळी नाही, कडेला निळी-जांभळी झाक, मोराच्या मानेसारखी. मी स्वयंपाकघरात खालीच बसले. त्या दोन-तीन मिनिटांत मी सगळं कबूल केलं. सुपरवायझर बरोबर होता, सासूबाई बरोबर होत्या, वाळे माझ्यावरून गेले ते बरं झालं. मी माझ्या तळहाताकडे असं बघितलं, जसं कुणी परक्याच्या हाताकडे बघतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मग साडीतली पट्टी काढायची म्हणून काढली. ती पांढरीशुभ्र होती. तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा दिसत होता, पुसट, पण पांढराच.

तेच हात. तोच घाम. चार मजले दोनदा.

मी काळी पट्टी नाकाला लावली. कांदा.

आता एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. विसरले नव्हते, मागे ठेवली होती. पण मी जी फसवणूक तुमची केली तीच आम्ही सगळ्यांनी स्वतःची केली होती, म्हणून माफ करा. आमचा सुपरवायझर निफाडकडचा. घरची शेती. त्याच्या उन्हाळ कांद्याच्या बारा गोण्या आमच्या पॅकिंगच्या खोलीत, मालाच्या रॅकखाली, माझ्या टेबलाला लागूनच होत्या. कांदा साठवायचा तर कोरडी जागा आणि सतत वारा लागतो, आणि आख्ख्या युनिटात चांगला पंखा त्या एकाच खोलीत. कांद्याला वारा लागलाच पाहिजे, माणसाला नाही लागला तरी चालतं. त्या गोण्या टेम्पोतून आत आणायला आम्हीच बायकांनी हात लावला होता. मी टेबलावर बसायला लागले त्याच आठवड्यात. रोज दुपारी त्यातलाच कांदा बुक्कीने फोडून आम्ही भाकरीबरोबर खात होतो. पावसात दोन गोण्या आतून सडल्या होत्या. वास आला नाही का, असं कुणी बाहेरचा विचारेल. आमच्या जिल्ह्यात कांद्याचा वास म्हणजे हवा. हवेचा वास कुणाला येतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही पट्ट्या सुपरवायझरच्या टेबलावर ठेवल्या आणि कुठली कुठे होती ते सांगितलं. तो आयटीआय झालेला माणूस, कांद्यातलं गंधक चांदी काळी करतं हे त्याला समजवावं लागलं नाही. त्याने दरवाजातून रॅकखाली बघितलं. मानेपासून कानापर्यंत लाल झाला.

"बसा ताई."

"उभी बरी आहे, भाऊ. सवय झालीय."

"गोण्या संध्याकाळी हलवतो. उद्यापासून तुम्ही टेबलावर. विषय संपला."

"बोर्डावरचा कागद?"

"काढतो ना."

"आणि साहेबाला काय लिहून देणार?"

तो थोडा वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसला. "हवेतली आर्द्रता लिहितो. पावसाळा आहेच."

"म्हणजे आधी मी, आता पाऊस. कांदा कुठेच नाही."

"माझीपण काही इज्जत आहे ताई."

"आहे ना. माझ्याएवढीच आहे. माझी दीड महिना बोर्डावर होती. तुमची एक दिवस ठेवू."

इथे मला कुणी वाघीण समजू नये. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, हीच तर अडचण होती. माझ्या पायावर अॅसिड उडालं तेव्हा त्यानेच मला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं होतं, आणि बाहेर दोन तास थांबला होता, तोच न हसणारा चेहरा घेऊन. वाईट माणसाशी भांडायला मला डोकं लागत नाही, आवाज पुरतो. आणि माझा आवाज कसा आहे ते ओझरच्या विमानांच्या धावपट्टीवर विचारा.

बायकांनीही मलाच धरलं. दुपारी शेजारीण म्हणाली, "सोडा ना ताई. झालं ना तुमचं काम. दोन महिने फुकट कांदा खाल्लाय आपण त्यांचा."

"मी एकटीने खाल्ला का?"

"तसं नाही. पण चारचौघांत कशाला? हळूच मिटवलं की डागही जातो आणि माणूसही राहतो."

तेव्हा मामांनी डब्यावरून मान वळवली. ते जेवताना बोलत नाहीत, म्हणून सगळ्या ऐकायला लागल्या. "घरातलं चांदीचं ताट काळं पडलं तर रांगोळी लावून घासा, पांढरं होतं. आपल्या पट्टीला घासता येत नाही. घासली की काळं जातं, आणि काळ्याबरोबर चांदीपण जाते. खाली तांबं दिसतं. तिला परत टाकीत घालावं लागतं, सगळ्यांसमोर, पहिल्यापासून."

ते धातूबद्दलच बोलत असतील. मामा नेहमी धातूबद्दलच बोलतात. पण माझं नाव म्हणजे कुठलं खानदानी ताट होतं? सहा वर्षं उभं राहून चढवलेला तेवढाच पातळ थर. तो हळूच घासून मी कुणासाठी घालवायचा?

मी तीन स्टीलचे डबे आणले. भांड्यांच्या दुकानात मिळतात तसे, एकसारखे. मामांनी तीन ताज्या पट्ट्या दिल्या. पहिल्या डब्यात नुसती पट्टी. दुसऱ्यात माझ्या हाताने मळलेली, सगळ्यांच्या देखत, घाम आणण्यासाठी मी जिना चढून आले आणि शेजारणीनेच माझ्या कपाळाला हात लावून खात्री केली. तिसऱ्यात मामांनी चिमट्याने ठेवलेली पट्टी आणि अर्धा कापलेला कांदा. डबे जेवणाच्या टेबलावर ठेवले. गोण्या त्याच संध्याकाळी टेम्पोत गेल्या, पण डब्यांना हात लावायची सुपरवायझरची हिंमत झाली नाही. तो रोज त्यांच्याकडे न बघता जात होता, आणि न बघण्यासाठी माणसाला किती बघावं लागतं ते मी चार दिवस पाहिलं.

बायकांनी चहाच्या पैजा लावल्या. शेजारीण माझ्याविरुद्ध दोन चहा हरली.

पाचव्या दिवशी साहेब आला. पोरसवदा, गोरापान, हातात टॅब. शेठ त्याच्या एका बाजूला, सुपरवायझर दुसऱ्या बाजूला. साहेबाला खरं कळेपर्यंत मी टेबलावर बसणार नव्हते, म्हणून पॅकिंगच्या दारात तेच हातमोजे घालून, पोछा घेऊन उभी. शेठनी सुरुवात केली, "पावसाची हवा, साहेब, आर्द्रता..."

साहेब टॅबवर वाचत म्हणाला, "पण तुमच्या पहिल्या मेलमध्ये चार नंबर टेबलच्या ऑपरेटरचा घाम असं लिहिलंय. त्या कोण?"

"मी," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी हातमोजे काढले, बादलीच्या काठावर ठेवले आणि तीन डबे त्याच्यासमोर उघडले. कुठल्या डब्यात काय आहे ते सांगितलं, त्यापुढे एक शब्द बोलले नाही. मला किती शब्द गिळावे लागले ते माझ्या घशाला विचारा. साहेबाने पांढऱ्या पट्ट्या बघितल्या, काळी बघितली, कांदा बघितला.

"कांदा इथे कशाला आला असता?" त्याने विचारलं.

शेठ सुपरवायझरकडे बघायला लागले. बायका माझ्याकडे. मी फरशीकडे. हे त्याचं वाक्य होतं आणि मी ते त्याच्यासाठी म्हणणार नव्हते, आणि त्याला सोडणारही नव्हते.

सुपरवायझर काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले. पण मागे पॉलिश करायची, बफिंगची दोन मशिनं घरघरत होती.

"भाऊ, ऐकू आलं नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बघितलं. मामांनी जाऊन एक मशीन बंद केलं, मग दुसरं. युनिट इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. टाकीतले बुडबुडे ऐकू येत होते.

"कांदा माझा होता," सुपरवायझर म्हणाला. "रॅकखाली मीच ठेवला होता. त्यामुळे माल काळा पडला. ताईंच्या हाताचा काही संबंध नाही." आणि मग, कुणी मागितलं नसताना, "मी आधी बघायला पाहिजे होतं."

साहेबाने ते टॅबवर लिहून घेतलं. पहिला मेल रद्द, असं शेठकडून दुसऱ्या ओळीत लिहून घेतलं. माझ्यासमोर.

मी कायम झाले. पहिल्या नंबरावर नाही, चौथ्या. शेठ म्हणाले, बाहेरच्या माणसासमोर असं करायला नको होतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी आतल्यांनी आधी ऐकावं. सुपरवायझर माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण तो आधीही सगळ्यांशी कामापुरतंच बोलायचा. कांदा आता आपापल्या घरून आणावा लागतो, त्याबद्दल दोन-तीन बायकांनी मला अजून माफ केलेलं नाही.

आणि सगळं उजळलं असं कुणी समजू नये. आठवड्याभराने शेजारणीने मला एक पट्टी तपासायला दिली ती कडेला धरून, दोन बोटांनी, माझं बोट तिच्या बोटाला लागणार नाही अशी. तिला स्वतःलाही कळलं नसेल. हाताची सवय जिभेपेक्षा उशिरा सुधारते. अजूनही एखादी बाई अशी वस्तू पुढे करते. तेव्हा मी वस्तू घेत नाही. आधी तिचा आख्खा हात माझ्या उघड्या हातात घट्ट धरते, आणि तिच्या घरच्यांची, सुनेची, नातीची, गुडघ्याची चौकशी करत राहते, तिचा चहा थंड होईपर्यंत.